होडीचा घागरा

आमच्या घरात काहीही लोंबलेलं आईला खपत नसे. पडद्याचा सुटलेला दोरा, शर्टाची अर्धवट तुटलेली गुंडी, पिशवीचा उसवलेला बंद, असलं काही नजरेला पडलं की ती बोलता बोलता उठायची आणि कातर किंवा सुई घेऊन त्याचा निकाल लावायची. पाहुण्यांनाही सूट नव्हती. पप्पांचे साहेब एकदा चहाला आले होते आणि त्यांच्या कॉलरमागून एक पांढरा दोरा बाहेर डोकावत होता. आईने बिस्किटांची बशी त्यांच्यासमोर ठेवली, मागे गेली आणि दोरा कापून टाकला. मानेपाशी कातर वाजल्यावर साहेब ताडकन उठले, तर ही म्हणते, "बसा न साहेब, झालं." पप्पा पुढे कित्येक दिवस कारखान्यात मान खाली घालून फिरत होते.

आम्ही मूळचे वाशिमकडचे. पप्पा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत बॅगा बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. आईचं अर्धं आयुष्य मुंबईत गेलं तरी तिची बोली वऱ्हाडीच राहिली, आणि ती बदलावी असं तिला कधी वाटलंही नाही. आमच्या दोन खोल्यांतली बाहेरची खोली तिची. ती साड्यांना पिको-फॉल करायची, ब्लाउज शिवायची, शाळांचे गणवेश ढिले-घट्ट करून द्यायची. बुद्धपौर्णिमेच्या आधी विहारातल्या बायकांच्या पांढऱ्या साड्यांचा असा ढीग पडायचा की पलंगावर बसायची चोरी व्हायची. त्या दिवसांत मला आणि पप्पांना जेवल्यावर हात धुऊन, पुसून, वर तिला दाखवूनच बाहेरच्या खोलीत यायला मिळायचं. संध्याकाळी पातोडीची भाजी असली, म्हणजे तिखट रश्शात सोडलेल्या बेसनाच्या वड्या, की हा पहारा आणखी कडक व्हायचा. मशीनची घरघर, मध्येच आईने दाताने दोरा तोडल्याचा टक् असा आवाज, आणि डोक्यावरून जाणारी विमानं. विमान गेलं की घरातला जो कोणी बोलत असेल तो वाक्य तोंडात धरून थांबायचा आणि आवाज विरला की जिथे सोडलं होतं तिथून पुढे बोलायला लागायचा. लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा तिथे विमानं इतकी खालून जात नव्हती, तरी मी बोलता बोलता मध्येच थांबायची. माझ्या सासूबाईंना बरेच दिवस वाटायचं की मुलगी हुशार आहे पण विसरभोळी आहे.

आईचे धंद्याचे दोन नियम होते. एक म्हणजे तिचा टाका निघत नाही, कापावा लागतो. दुसरा, घालून बघितल्याशिवाय कपडा घराबाहेर जात नाही. गिऱ्हाइकाला कितीही घाई असो, ब्लाउज घालून आरशासमोर उभं राहायचं, हात वर करायचे, खाली बसायचं, वाकायचं, आणि मगच पैसे. एका नवऱ्या मुलीची आई रिक्षा खाली उभी आहे म्हणून ओरडत होती, तरी त्या पोरीला आईने उकिडवं बसायला लावलं होतं. "मांडवात काय उभीच राहणार हाये का तुमची पोरगी?" असं वर विचारलं.

अशा घरातून मी कयाक शिकायला गेले, याचं श्रेय किंवा दोष श्वेताचा. श्वेता माझी कॉलेजातली मैत्रीण. तिला दर महिन्याला नवं वेड लागायचं आणि त्यात ती मला ओढायची. आधीच्या वर्षी आम्ही जुडो सोडलं होतं, त्याआधी गिटार. या वेळी तिने सांगितलं की मरोळमध्येच, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या कंपनीच्या वसाहतीतल्या तरण तलावात दर रविवारी सकाळी कोणी ग्लेन सर कयाक शिकवतात, आणि महिनाभरात नदीवर नेतात. मी म्हटलं, "मला धड पोहता येत नाही." श्वेता म्हणाली, "अगं, जॅकेट देतात यार! आणि पोहायचंय कुठे, बसायचंय."

बसायचंय म्हणे! ग्लेन सर मढचे, जन्मापासून खाडीत आणि समुद्रात वाढलेले. उन्हाने तांबूस झालेले केस, शिट्टी गळ्यात, आणि आवाज असा की तलावाच्या पलीकडच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला छातीइतक्या पाण्यात नेलं आणि सांगितलं, "बघ, होडी चालवायला मी नंतर शिकवतो. आधी होडीतून बाहेर पडायला शिक. नदीत तू उलटणार. मी उलटतो, तू कोण लागून गेलीस?" कयाक म्हणजे एकट्याने बसायची लांबट प्लास्टिकची होडी. मध्ये एक भोक, त्यात कमरेपर्यंत शिरायचं, पाय पुढे सरळ, गुडघे आतून दाबलेले. पाणी आत येऊ नये म्हणून कमरेला जाड रबरी कापडाचा एक झगा घालायचा आणि त्याची घट्ट कड होडीच्या भोकाभोवती ताणून बसवायची. त्याला स्प्रे-स्कर्ट म्हणतात. या स्कर्टच्या पुढच्या कडेला एक पट्टा असतो. होडी उलटली की डोकं खाली, पाय वर, अशा अवस्थेत पुढे वाकायचं, होडीच्या बुडावर तीन थापा मारायच्या, म्हणजे शिकवणाऱ्याला कळतं की तुमचं डोकं ठिकाणावर आहे. मग तो पट्टा ओढायचा. स्कर्ट फटकन सुटतो आणि तुम्ही चड्डीतून पाय काढावा तसे होडीतून बाहेर येता.

ऐकायला सोपं आहे. पहिल्यांदा उलटले तेव्हा मी थापाबिपा सगळं विसरून पट्टा ओढला आणि नाकातोंडात अर्धा तलाव घेऊन वर आले. दुसऱ्यांदा थापा मारल्या, पण मोजायला विसरले. तिसऱ्यांदा मात्र खाली उलटं लटकून, डोळे उघडे ठेवून मी निळ्या फरश्या बघत राहिले आणि मला एकदम फार मजा वाटली. इतकी शांतता मी मरोळमध्ये कधी ऐकली नव्हती. वर आले ती हसतच. ग्लेन सर म्हणाले, "ये पगली सीखेगी." श्वेता त्यानंतर दोन रविवार आली आणि मग तिला मातीची भांडी करायचं वेड लागलं. मी राहिले.

नंतरच्या रविवारी आम्ही वल्हं मारायला शिकलो, होडी कलली की कमरेच्या झटक्याने ती सरळ करायला शिकलो, पाण्यावर वल्हं सपाट आपटून तोल सावरायला शिकलो. मी घरीसुद्धा स्टुलावर बसून कमरेचे झटके द्यायची. पप्पा पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "हिला काही चावलं का?" ग्लेन सर तलावाच्या काठावर खडूने नदी काढायचे आणि मोठा खडक कुठे, पाणी कुठून वळतं, खडकामागे स्वस्थ पाण्याचा तुकडा कसा असतो, त्यात होडी कशी घुसवायची हे समजावायचे. खडकावर आदळणार असं वाटलं की माणूस खडकापासून लांब झुकतो आणि तिथेच उलटतो, म्हणून खडकाकडेच झुकायचं, त्याला मिठी मारायची, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की आजही अवघड माणसं समोर आली की मला ते आठवतं. पण हे सगळं खडूचं पाणी होतं. खरं पाणी कोलाडला होतं, कुंडलिका नदीवर, आणि तिथे जायला आईने सपशेल नाही म्हटलं होतं.

"तलावात काय नाचायचं ते नाच," ती म्हणाली होती. "नदीचं मले सांगू नको." आईने आयुष्यात विहिरीपेक्षा जास्त पाणी जवळून पाहिलं नव्हतं. जुहूच्या किनाऱ्यावर गेलो तरी ती ओल्या वाळूच्या अलीकडे चपला हातात घेऊन उभी राहायची. पप्पांनी मध्यस्थी केली, "अगं, सर असतात, जॅकेट असतं," तर तिने त्यांच्याकडे असं बघितलं की पप्पांना कारखान्यातलं काम आठवलं. मला कोलाडला जायचं होतं. इतकं की मी रात्री डोळे मिटले की त्या खडूच्या रेषा वाहायला लागायच्या. त्या वयात एखादी गोष्ट हवी असते तेव्हा ती नुसती हवी नसते, तिच्यावाचून पुढचं सगळं आयुष्य फुकट जाणार असतं.

मग संधी आली ती फाटक्या स्कर्टच्या रूपाने. ग्लेन सरांकडे स्कर्ट मोजकेच, त्यात माझ्या मापाचा एक शिवणीपाशी चरचरत फाटला. सर म्हणाले, "याचं काम झालं. नवा मागवायला पाहिजे. तोपर्यंत तू काठावर बस." मी तो पिशवीत घालून घरी आणला. माझा डाव सरळ होता. जी वस्तू आईच्या मशीनखाली जाते ती आईची होते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. स्कर्ट तिचा झाला की अर्धी नदी तिची होईल.

"हे काय आनलं?" तिने विचारलं.

"स्कर्ट आहे. होडीचा."

"होडीले घागरा?" ती हसायलाच लागली. "अन् हा पोट्टेबी घालतात?"

"सगळे घालतात. ग्लेन सरपण."

"आन बरं इकडं."

त्या रबरी कापडावर तिच्या मशीनच्या दोन सुया मोडल्या. मग ती इरेला पेटली. पप्पांना फर्मान सुटलं आणि त्यांनी कारखान्यातून चामड्याची सुई आणि मेणाचा जाड दोरा आणला. तिने शिवण दुहेरी केली, आतून पट्टी लावली, कडा दाबून घेतल्या. तीन संध्याकाळी साड्यांचा ढीग तसाच पडून राहिला. सगळं झाल्यावर तिने स्कर्ट उलटसुलट करून पाहिला, आपल्या कामावर खूश झाली की करायची तशी मान हलवली आणि म्हणाली, "येत्या रविवारी मीबी येतो. कसा बसते ते पाहतो. मंग तुह्या नदीचं बोलू." मी तिच्या गळ्यातच पडले. पप्पांनी मला मागून अंगठा दाखवला.

रविवारी आई इस्त्रीची साडी नेसून, डबा घेऊन, छत्री उघडून तलावाच्या काठावर बसली. डब्यात भाकरी आणि जवसाची चटणी होती, कारण बाहेरचं खाऊन पोर पाण्यात उतरणार ही कल्पना तिला सहन होईना. मी तिला आधीच समजावून ठेवलं होतं की मी मुद्दाम उलटेन, थापा मारीन आणि बाहेर येईन, घाबरायचं नाही. ग्लेन सर माझ्याजवळ पाण्यात उभे राहिले. बसताना दर वेळी करायची तपासणी त्यांनी केली, "पट्टा बाहेर?" मी खाली पाहिलं. पट्टा बाहेर दिसत होता, छान सपाट. "बाहेर!" मी म्हटलं आणि आईकडे बघून हात हलवून उलटले.

पुढे वाकले. तीन थापा मारल्या, अगदी सावकाश, आईला नीट ऐकू याव्यात म्हणून. मग हात पट्ट्याकडे नेला. पट्टा हाताला लागला, पण बोटं त्याच्याखाली जाईनात. मी नखं घातली. दुसरा हात लावला. पट्टा स्कर्टला या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटलेला होता. मला एका क्षणात कळलं काय झालंय. आईला एक लोंबता पट्टा दिसला होता आणि तिने तो नीट दाबून, दुहेरी मेणाच्या दोऱ्याने शिवून टाकला होता. आणि तिचा टाका निघत नसे. छाती जळायला लागली, कानात ठोके वाजायला लागले. मी होडीच्या बुडावर दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली. थापांची पाळी होऊन गेल्यावरही कोणी बडवतंय म्हणजे काहीतरी बिघडलंय हे ग्लेन सरांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी होडी धरून एका झटक्यात सुलटी केली.

मी हवा ओढत होते आणि काठावरून टाळ्या ऐकू येत होत्या. आई टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, हे सगळं असंच असतं. "झकास!" ती म्हणाली. हा शब्द तिने मुंबईत येऊन उचललेला एकमेव शब्द होता.

ग्लेन सरांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि त्यांचा रंग उतरला. "ये किसने सिया?" त्यांनी विचारलं. मी आईकडे पाहिलं. त्यांनी काठाकडे पाहिलं आणि त्यांचा तो मोठा आवाज एकदम बारीक झाला. "आंटी, हा पट्टा ओढून बाहेर यायचं असतं. हा शिवला तर माणूस आतच राहतो."

आईच्या टाळ्या थांबल्या. ती उठली, छत्री तिथेच पडली. साडीसकट पायऱ्यांवरून पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरली, कनवटीची छोटी कातर काढली आणि माझ्या पोटावरचे ते टाके एकेक करून कापायला लागली. कातर घ्यायला ग्लेन सरांनी तिचं मनगट धरलं, तर तिने ते झटकून टाकलं. सगळे टाके कापून झाल्यावर तिने पट्टा ओढून बघितला. स्कर्ट फटकन सुटला. मग ती वर जाऊन बसली आणि डबा न उघडताच आम्ही घरी आलो.

त्या आठवड्यात आई माझ्याशी भांडली नाही, हेच वाईट होतं. ती भांडली असती तर मी भांडले असते आणि काहीतरी मार्ग निघाला असता. ती माझ्या ताटात वाढायची, पण माझ्याकडे बघायची नाही. माझी नदी बुडाली हे मी धरूनच चालले होते. त्याहून जास्त मला तिचं वाईट वाटत होतं, पण तिला ते कसं सांगायचं हे मला येत नव्हतं. आज माझी मुलगी माझ्यावर अशी रुसली की मी तिच्याशेजारी जाऊन बसते, बोलत काही नाही. त्या वयात मला एवढंही सुचलं नाही. शेवटी पप्पाच तिला म्हणाले, "चूक झाली, आता जाऊ दे." आई उसळली. "चूक कशी झाली माईत हाये का? मी तो घालून पाह्यला नाही. सगळ्या गावाले घालून दाखवाले लावतो, अन् ज्याच्यात माही पोरगी बसणार तो मी तसाच देल्ला!" मग ती रडली, आणि मी आणि पप्पा स्वयंपाकघरात उभे राहून शेंगदाणे सोलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पप्पांना पुन्हा फर्मान सुटलं. त्यांनी प्रवासी बॅगेच्या मुठीला लावतात तो जाड नारिंगी पट्टा आणला. आईने त्याच्या आत दोरखंड भरून तो अंगठ्याएवढा फुगवला, म्हणजे तो सपाट बसूच शकणार नाही, आणि दोन्ही टोकांना असा पक्का केला की सबंध होडी त्याला टांगून ठेवावी. तो स्कर्टसमोर चांगला वीतभर लोंबत होता. रविवारी सकाळी मी बघते तर ती जुना पंजाबी ड्रेस घालून, वेणी घट्ट घालून, बांगड्या काढून तयार. "चाल," म्हणाली.

ग्लेन सर हात जोडायला लागले. "आंटी, तुम्हाला पोहता येत नाही!"

"तुमी लोकंच म्हनता न, पोहायचं नाही, बसायचं हाये," ती म्हणाली. "मले बसवा त्याच्यात अन् उलटवा. माह्या हातानं उघडला तर पोरगी नदीवर जाईल. नाही उघडला तर तुमी दुसरी पोरगी पाहा."

वसाहतीचा रखवालदार, पोहायला आलेली दोन म्हातारी माणसं, पोरंटोरं, सगळे काठावर जमले. आईला होडीत शिरवताना तिचे पाय आत जाईनात, मग गुडघे अडकले, मग तिला हसू आलं, मग ते हसू एकदम थांबलं आणि तिने होडीच्या कडा घट्ट धरल्या. "प्रज्ञा, तू पाहू नको," ती म्हणाली. आणि लगेच, "नाही, पाह्य." मी पोहण्याचा चष्मा लावला. मी एका बाजूला, ग्लेन सर दुसऱ्या बाजूला. सरांनी विचारलं, "रेडी?" आईने मोठा श्वास घेतला. त्यांनी होडी उलटवली आणि मी पाण्याखाली गेले.

आईचे डोळे गच्च मिटलेले, गाल फुगलेले, वेणी तिच्या डोक्याखाली सरळ उभी. थापा वगैरे काही नाही. तिचे हात स्कर्टच्या बाजूला गेले आणि मग कडेकडेने पुढे सरकायला लागले, घाई न करता, वीज गेल्यावर ती कापडाची शिवण चाचपायची तसे. मला माझे हात पुढे करून तिला ओढून काढावंसं वाटत होतं. मी माझ्या मुठी पोटाशी दाबून धरल्या. तिच्या बोटांना तो जाडजूड पट्टा लागला. तिने तो दोन्ही हातांनी धरून ओढला आणि स्कर्ट उघडला.

ती वर आली ती माझ्या गळ्यातच. खोकत होती, नाक गळत होतं, ड्रेस फुग्यासारखा वर आला होता. "उघडला व," ती म्हणाली. काठावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेन सर म्हणाले, "आंटी, पास! झालं!"

"काय झालं?" आई म्हणाली. "बाई नुसती उभी राहून पाहते का ब्लाउज? हात वर करून पाहते, बसून पाहते. आता डाव्या हातानं."

डाव्या हाताने झालं. मग फक्त उजव्या हाताने झालं. चौथ्यांदा तिने थापासुद्धा मारल्या, आणि वर आल्यावर मला कानात म्हणाली, "खाली किती शांत वाटते, नाही?" घरी जाताना रिक्षात ती निथळत बसली होती, रिक्षावाला आरशातून सारखा मागे बघत होता, आणि सिग्नलला थांबलो तेव्हा तिने विचारलं, "कधी हाये तुमची नदी?"

कुंडलिकेवर पाणी वरच्या वीजघरातून सकाळी सोडतात. ते दुपारपर्यंत असतं. मग नदी उतरते आणि नुसते खडक उरतात. त्यामुळे आम्ही अंधारातच निघून उजाडता काठावर उभे होतो. पहिली उतरण मी ओरडत ओरडत पार केली. पाणी गार होतं, वेगात होतं, काठावरच्या खडूच्या नदीशी त्याचं काही नातं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी एक खडक दिसला, त्यामागे शांत पाण्याचा तुकडाही दिसला, सर शिट्टी वाजवत होते, मी होडी वळवली आणि ऐन वेळी खडकापासून लांब झुकले. उलटले. तलावात उलटं लटकणं आणि हे यात काही सारखं नव्हतं. पाणी डोक्याला हिसके देत होतं, डोळ्यांसमोर मातकट अंधार, खांद्याला कुठेतरी दगड घासून गेला. हात मात्र आपोआप पुढे गेला, मूठभर पट्टा हातात आला आणि मी बाहेर. पाय वर, पाय पुढे, शिकवल्याप्रमाणे वाहत जाऊन पुढच्या वळणावर काठाला लागले.

मी खडकावर बसले. मला आता होडीत बसायचं नव्हतं. मागून मोठ्या रबरी राफ्टमधून लोक येत होते, त्यांच्यात बसून खाली जाईन असं मी ठरवूनही टाकलं होतं. ग्लेन सर माझी होडी ओढत घेऊन आले, माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीतून फोन काढून माझ्या हातात दिला. "आंटीचे सकाळपासून कॉल आहेत. बोल."

मला वाटलं, आता आई म्हणेल, घरी ये. खरं सांगायचं तर तिने तसं म्हणावं असंच मला वाटत होतं. मी म्हटलं, "आई, उलटले मी."

"उघडला?"

"उघडला."

"लागलं कुठं?"

"खांद्याला थोडं. आई, मी आता होडीत नाही बसत. राफ्टमधून जाते."

"काहून?"

"भीती वाटते."

"मलेबी वाटली होती," ती म्हणाली. मग विचारलं, "पाणी कधी बंद करतात म्हने?"

"दुपारी."

"मंग माह्याशी काय बोलत बसली? उघडते न तो? जाय, बस परत."

मी काही म्हणायच्या आत तिने फोन ठेवला. मी तो सरांना परत दिला आणि होडीतलं पाणी ओतायला लागले.